कॉन्फेशनला जायच्या आधी मनाची झडती कशी घ्यायची

ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ संपत आला की आमच्या चर्चमध्ये कॉन्फेशनला, म्हणजे फादरला आपली पापं सांगून देवाची क्षमा मागायला, रांग लागते, आजूबाजूच्या तीनचार धर्मग्रामांतले फादर येऊन बसतात, आणि बाकावर वाट बघत बसलेली निम्मी माणसं मोबाईलमध्ये डोकं घालून असतात. पुढचा माणूस उठला की मोबाईल खिशात आणि मग घाईघाईत आठवायचं, काय सांगू, काय सांगू. मी पण वर्षानुवर्षं हेच केलंय. तिसरीत फर्स्ट कम्युनियनच्या वेळी, म्हणजे पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेतो तेव्हा, टीचरने पाठ करून घेतलेली लिस्ट असते ना, खोटं बोललो, आईबाबांचं ऐकलं नाही, भावाला मारलं, रविवारची मिस्सा (चर्चमधली उपासना) चुकवली, तीच लिस्ट आपण पंचेचाळिशीत पण सांगतो, फक्त भावाच्या जागी बायको येते.

मी दृढीकरणाच्या, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करायचा जो संस्कार असतो त्याची तयारी करणाऱ्या, मुलांना धर्मशिक्षण शिकवतो, फादर वगैरे नाही, साधा संसारी माणूस. मुलं दरवर्षी एकच विचारतात, "सर, सांगायचं काय?" तर हे त्यांच्यासाठी लिहायला घेतलं होतं, पण लिहिता लिहिता वाटलं मोठ्यांनाच जास्त गरज आहे. गोव्याकडे याला कुमसार म्हणतात, आपण वसईत पापनिवेदन लिहितो आणि कॉन्फेशन बोलतो. नाव काही असो, खरं काम कॉन्फेशनच्या खोलीत शिरायच्या आधीच होतं.

पहिली गोष्ट म्हणजे सुरुवात पापापासून करू नका. उलटं वाटेल, पण चर्चची माणसाबद्दलची शिकवण पापापासून सुरूच होत नाही. बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकात पहिल्या अध्यायात देव माणसाला आपल्या प्रतिरूपाचा बनवतो, मग सगळं बघतो आणि त्याला ते फार चांगलं वाटतं. पाप येतं तिसऱ्या अध्यायात. हा क्रम लक्षात ठेवला की अर्धं टेन्शन जातं, म्हणजे आपण मुळात कचरा नाही, चांगल्या मालाला ओरखडा पडलाय. आदिपापाबद्दल, म्हणजे पहिल्या माणसांच्या त्या पापाबद्दल, कॅथलिक चर्च नेमकं हेच सांगतं, माणसाचा स्वभाव जखमी झाला, पार नासला नाही. सोळाव्या शतकात यावरून युरोपात मोठा वाद झाला आणि १५४६ मध्ये ट्रेंटच्या परिषदेने, म्हणजे चर्चच्या बिशपांच्या मोठ्या सभेने, एक गोष्ट स्पष्ट करून टाकली, की बाप्तिस्म्यानंतरही आपल्यात वाईटाकडे जी ओढ उरते, ती ओढ म्हणजे स्वतः पाप नव्हे. त्या ओढीला आपण हो म्हटलं तर पाप.

याचा उपयोग काय? खूप आहे. मुलं येऊन सांगतात, "सर, माझ्या मनात घाणेरडा विचार आला" किंवा "मला तिचा हेवा वाटला". आला, वाटला, इथपर्यंत काही झालेलं नाही. राग येणं हे पण पाप नाही, राग, भीती, इच्छा ह्या भावना आहेत आणि चर्चचा मोठा विचारवंत संत थॉमस अक्वायनस तेराव्या शतकातच सांगून गेलाय की भावना आपल्याजागी चांगल्याही नाहीत वाईटही नाहीत, बुद्धी आणि इच्छाशक्ती त्यांना कुठे नेते त्यावर ठरतं. आता तो राग तुम्ही घरी आणला, त्याला जेवायला वाढलं, रात्री उशाशी घेऊन झोपलात आणि सकाळी उठून त्या माणसाचं वाटोळं कसं करायचं याचा प्लॅन केलात, तर मग ते तुमचं. तेव्हा झडती घेताना आधी दोन ढीग करा, जे नुसतं मनात येऊन गेलं ते एका बाजूला आणि ज्याला मी हो म्हटलं ते दुसऱ्या बाजूला. पहिला ढीग सोडून द्या.

आता बसायचं कसं ते. दहा पंधरा मिनिटं, मोबाईल दुसऱ्या खोलीत, हातात कागद आणि पेन. मोबाईलच्या नोट्समध्ये लिहू नका, घरातला कोणीतरी उघडतोच, कागद फाडून टाकता येतो. जेझुइट या धर्मगुरूंच्या संघाचा संस्थापक संत इग्नेशियस लोयोला याची पाच पायऱ्यांची पद्धत आहे, पाचशे वर्षं झाली तरी चालते: आधी आजच्या दिवसात जे मिळालं त्याबद्दल आभार, मग स्वतःकडे खरं बघता यावं म्हणून पवित्र आत्म्याकडे प्रकाश मागायचा, मग दिवस तासातासाने डोळ्यासमोरून न्यायचा, मग जिथे चुकलो तिथे क्षमा, आणि शेवटी उद्याचं एक ठरवायचं. लोक आभाराची पायरी गाळतात आणि थेट चुका मोजायला बसतात, मग होतं काय की एकतर स्वतःला झोडपत बसतात नाहीतर पाच मिनिटांत कंटाळतात. आभार मानताना नकळत आपल्या लक्षात येतं की कोणाकोणाचं आपल्यावर देणं आहे, आणि पाप बहुतेक वेळा तिथेच लपलेलं असतं.

दिवस आठवताना एकेका गोष्टीला तीन प्रश्न विचारायचे: मी केलं काय, केलं कशासाठी, आणि तेव्हा परिस्थिती काय होती. चर्चच्या नीतिशिक्षणात कृती, हेतू आणि परिस्थिती अशा तीन गोष्टी धरतात आणि काम चांगलं म्हणायला कृती, हेतू दोन्ही चांगले लागतात आणि परिस्थितीचं भानही. ऐकायला पुस्तकी वाटतं म्हणून आमच्या घरचं उदाहरण देतो.

आमच्याकडे मोगरा होता. पहाटे फुलं खुडून पाटीत भरायची, वर ओलं फडकं टाकायचं आणि पहिल्या लोकलने दादरला. खुडल्यावर पाणी शिंपडायलाच लागतं, नाहीतर फूल विरारपासून दादरपर्यंत मान टाकतं. पण काका दादरला उतरल्यावर, व्यापाऱ्याच्या काट्यावर पाटी चढवायच्या आधी, नळावर जाऊन परत एकदा ओंजळभर पाणी मारायचे. पाणी तेच, ओंजळ तीच, फूलही तेच. पहिलं पाणी फुलासाठी, दुसरं काट्यासाठी. मी लहान होतो, मला वाटायचं काका फुलांची किती काळजी घेतात. बाहेरून बघणाऱ्याला फरक कळणारच नाही, व्यापाऱ्यालाही नाही, कळेल तो फक्त काकांना, म्हणून तर झडती स्वतःच घ्यावी लागते, दुसरा कोणी आपली घेऊ शकत नाही.

आता हे उलटं करून बघा. हेतू एकदम चांगला आणि कृती खोटी. भाच्याची फी माफ व्हावी म्हणून उत्पन्नाचा खोटा दाखला काढून दिला. भाचा हुशार, बहीण विधवा, पैसे खरंच नव्हते, पण फी माफीची जी रेघ होती त्याच्या वर उत्पन्न जात होतं थोडंसं. हेतू चांगला होता यात शंका नाही. पण चर्च इथे अडून बसतं, चांगल्या हेतूने वाईट कृती चांगली होत नाही. बहिणीला मदत करायला दुसरे रस्ते होते, मला दर महिन्याला पाचशे रुपये द्यायचे जिवावर आले म्हणून मी सरकारच्या खिशातून दिले, आणि त्या यादीत ज्याचं नाव बसायला हवं होतं असा कोणीतरी मुलगा बाहेर राहिला. मी हे कॉन्फेशनला "खोटं बोललो" असं सांगितलं होतं. खोटं बोललो हे खरंच होतं, पण चिकूचं झाड दाखवून पान सांगण्यासारखं झालं ते.

तिसरा प्रश्न परिस्थितीचा. त्याने वाईट गोष्ट चांगली होत नाही, पण जड हलकं ठरतं. शंभर रुपये सुपरमार्केटच्या कॅशियरने चुकून जास्त दिले ते ठेवले आणि शंभर रुपये घरी भांडी घासायला येणाऱ्या बाईचे कापले, दोन्ही शंभरच, पण एक नाहीत.

जड हलकं म्हटलं म्हणून हेही सांगतो, कारण यात सगळ्यात जास्त गोंधळ असतो. गंभीर पाप म्हणजे देवाशी नातं तोडणारं पाप, त्याला तीन गोष्टी एकत्र लागतात: बाब गंभीर हवी, ती गंभीर आहे हे पूर्ण माहीत हवं, आणि जाणूनबुजून स्वतःच्या मर्जीने केलेलं हवं. तीनपैकी एक जरी नसेल तर ते त्या अर्थाने गंभीर पाप नाही. आईला रात्रभर ऑक्सिजन लावलाय आणि तुम्ही तिच्याजवळ बसून रविवारची मिस्सा चुकवलीत तर ते पापच नाही, तुम्ही जिथे असायला हवं तिथेच होता. फायनल मॅच होती म्हणून गेलो नाही, माहीत असून गेलो नाही, तर ते सांगायचं. आणि सवय, भीती, दबाव, मनाचा आजार या गोष्टींनी जबाबदारी कमी होऊ शकते, कधीकधी पार उरतही नाही, असं चर्चची शिकवणच सांगते. व्यसनात अडकलेल्या माणसाला हे कोणीतरी सांगायला हवं, तो स्वतःला रोज नरकात पाठवत असतो आणि त्या दुःखात परत बाटली उघडतो. त्याने कॉन्फेशनलाही जावं आणि डॉक्टरकडेही.

आता सद्सद्विवेकबुद्धी. हा शब्द आम्ही वर्गात उच्चारला की मुलं हसतात, म्हणून मी आतला आवाज म्हणतो. १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने म्हटलंय की माणसाच्या अंतःकरणातला हा गाभारा आहे, तिथे तो देवाबरोबर एकटा असतो. आणि चर्चची शिकवण अशी की आतल्या आवाजाचा जो निर्णय पक्का आहे तो माणसाने पाळलाच पाहिजे. हे ऐकून काहींना आनंद होतो, म्हणतात झालं तर मग, माझं मन मला खात नाही, म्हणजे मी ठीक. थांबा. आवाज चुकीचाही असू शकतो आणि त्याला वळण लावायची जबाबदारी आपलीच असते. काही वेळा खरंच आपल्याला कळायला मार्ग नसतो, तेव्हा दोष लागत नाही, पण कळून घ्यायचीच इच्छा नव्हती तर तो दोष आपला.

आमच्या वाडीत कामाला आदिवासी बाया यायच्या. त्यांचा चहा वेगळ्या कपात, दांडा तुटलेल्या, तो कप मागच्या दारी खुंटीला. आजी माझी रोज तीन रोझरी म्हणणारी, मिस्सा कधी चुकवली नाही, उपवास कडक, आणि तिने किंवा कोणीच कधी तो कप कॉन्फेशनला सांगितला असेल असं मला वाटत नाही, कारण तो कोणाला दिसतच नव्हता, खुंटीला समोर टांगलेला असून दिसत नव्हता. मजुरी पण पुरुषापेक्षा कमी, ती पण "नंतर देऊ". आता मजुराची मजुरी बुडवणं हे चर्चच्या परंपरेत स्वर्गाकडे टाहो फोडणाऱ्या पापांमध्ये मोजलेलं आहे, बायबलमध्ये सख्ख्या भावाने मारलेल्या हाबेलच्या रक्ताच्या रांगेत. आजीला मी दोष देत नाही, तिला कोणी दाखवलंच नाही. पण मी पुस्तकं वाचलीत, मी यावरचं प्रवचन ऐकलंय, मग माझ्या घरात आज तसा कप कुठला आहे हे न शोधायला मला सबब नाही. झडतीत हा प्रश्न नक्की टाका: आमच्या घरात सगळेच करतात म्हणून मला दिसत नाही असं काय आहे?

वळण लावायचं म्हणजे काय, तर शुभवर्तमान वाचायचं, चर्च काय सांगतं ते बघायचं, अनुभवी माणसाला विचारायचं, आणि मुख्य म्हणजे ज्याला माझ्या वागण्याचा त्रास होतो त्याचं ऐकायचं. हे शेवटचं पुस्तकात असं लिहिलेलं नाही, माझं आहे.

अजून एक ढीग राहतो, न केलेल्या गोष्टींचा. मिस्सेत आपण म्हणतोच, विचाराने, शब्दाने, कृतीने आणि कर्तव्य चुकवून, पण कागदावर ते चौथं येतच नाही. कोणाला फोन करायचा राहिला, कोणाचे पैसे परत द्यायचे राहिले, भावाच्या नावावर करायचा तो तुकडा अजून सातबाऱ्यावर माझ्याच नावाने आहे आणि तो बिचारा विचारायला लाजतो.

आणि जीभ. दहा आज्ञांमधली आठवी, खोटी साक्ष देऊ नको. यात चर्च दोन गोष्टी वेगळ्या करतं, खोटं सांगून बदनामी करणं एक, आणि खरं असलं तरी काही कारण नसताना दुसऱ्याची चूक ज्याला माहीत नाही त्याला सांगणं हे दुसरं. दुसऱ्यात आपण सगळे सापडतो, "खरंय म्हणून सांगतो" म्हणत. मी एकदा आमच्या गल्लीतल्या मुलाबद्दल आलेला मेसेज ग्रुपवर फॉरवर्ड केला, मंडळाच्या वर्गणीचे पैसे त्याने खाल्ले म्हणून. नंतर कळलं पैसे त्याने बँकेत भरले होते, पावती दुसऱ्याकडे होती. मी मेसेज डिलीट केला, मनात वाईट वाटलं, कॉन्फेशनला गेलो आणि "दुसऱ्याबद्दल वाईट बोललो" असं सांगितलं. फादरांनी विचारलं, किती जणांना. मी म्हटलं ग्रुपमध्ये एकशे ऐंशी असतील. ते म्हणाले, मग एकशे ऐंशींना कळू दे की ते खोटं होतं, आणि त्याच्या घरी पण जा. चार ओळींचा मेसेज होता तो, मला लिहायला दोन दिवस लागले, दर वेळी मी त्यात "मला पण कोणीतरी पाठवलं होतं" असं घालायचो आणि पुसायचो. शेवटी ते न घालता पाठवला. घरी गेलो तर मुलगा नव्हता, त्याची आई होती, तिने चहा केला आणि एक शब्द बोलली नाही, मी पण कप खाली ठेवेपर्यंत गप्प.

भरपाई हा यातला ऐच्छिक भाग नाही एवढं सांगायचं होतं. चोरलेलं परत करायचं, बिघडवलेलं नाव जमेल तितकं सुधारायचं.

खोलीत गेल्यावर काय, ते थोडक्यात, कारण तयारी झाली असेल तर तिथे पाच मिनिटं पण लागत नाहीत. क्रुसाची खूण करा, "फादर आशीर्वाद द्या, मी पाप केलंय", शेवटचं कॉन्फेशन कधी केलं ते सांगा. मग गंभीर पापं आधी, कुठल्या प्रकारचं आणि साधारण किती वेळा, एवढं लागतं. गोष्ट नको. सासूचा स्वभाव, शेजाऱ्याने आधी काय केलं, हे सगळं दुसऱ्याचं कॉन्फेशन झालं, ते त्याला करू दे. लाज वाटणारी गोष्ट शेवटी घाईत कोंबू नका, तीच पहिली सांगा, मग बाकीचं सोपं जातं. पश्चात्तापाची प्रार्थना पाठ नसेल तर आपल्या शब्दांत म्हणा. वीस वर्षं गेला नसाल तर तेच सांगा, "फादर वीस वर्षं झाली, मला काही आठवत नाही, मदत करा", चांगला फादर प्रश्न विचारत विचारत नेतो. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ मध्ये धर्मगुरूंना लिहिलंच होतं की ही खोली छळाची कोठडी होता कामा नये. आणि फादर बाहेर सांगतील याची भीती काढून टाका, थेट गुपित फोडणाऱ्या धर्मगुरूला चर्च आपोआप बहिष्कृत धरतं, जीव गेला तरी सांगता येत नाही. फादरांना तोंड न दिसणाऱ्या जाळीमागे बसायचं की समोरासमोर ते तुम्ही ठरवा, मी जाळीवाला आहे.

वर्षातून एकदा तरी गंभीर पापं सांगायची हा नियम १२१५ च्या लॅटरन परिषदेपासून आहे. ती कमीत कमी मर्यादा आहे, आपल्याकडे तिलाच ध्येय समजतात.

काही माणसांना याच्या उलट त्रास असतो. बाहेर येऊन परत रांगेत उभे राहतात, हे सांगायचं राहिलं, ते नीट सांगितलं नाही. संत इग्नेशियसला स्वतःला १५२२ मध्ये स्पेनमधल्या मानरेसा गावी हा त्रास इतका झाला होता की जगणं नको झालेलं. तुमचं असं असेल तर वर लिहिलेली कागद पेनवाली झडती तुमच्यासाठी नाही, ती बंद करा. एकच फादर धरा, दर वेळी त्यांच्याकडेच जा, ते सांगतील तेवढंच सांगा आणि ते "झालं" म्हणाले की झालं. डोक्यातलं चाक थांबतच नसेल तर मानसोपचाराच्या डॉक्टरला दाखवायला लाजू नका.

शेवटी ती पाचवी पायरी, उद्याचं एक. एकच. "मी आता रागावणार नाही" हे काही उद्याचं काम नाही, ते निवडणुकीचं आश्वासन झालं. चर्च सद्गुणाला सवय म्हणतं, परत परत करून अंगात मुरलेली सवय, आणि कृपा त्या सवयीला हात देते. विवेक, न्याय, धैर्य, संयम हे चार मोठे, त्यातला ज्याचा तुटवडा त्यावर एक छोटं काम. संध्याकाळी घरी शिरताना बुलेट बंद केल्यावर गेटापाशी दोन मिनिटं उभं राहायचं आणि मग आत जायचं, ऑफिसचा राग मुलांवर निघू नये म्हणून, हे एकाने मला सांगितलं, तो सहा महिने करतोय, मुलं आता वरून ओरडतात, पप्पा झाली का दोन मिनिटं.

कागदाचं विसरू नका. बाहेर आलात, प्रायश्चित्त म्हणून दिलेली प्रार्थना तिथेच बाकावर म्हणून टाका, घरी गेल्यावर म्हणतो म्हटलं की राहतेच. मग कागद बारीक फाडा. पँटच्या खिशात ठेवू नका, आमच्या घरी कपडे धुवायच्या आधी खिसे तपासतात.